पावडर कोटिंग निघतच नाही, आणि निघालं तरी नवं पुन्हा तिथेच फुगतं

दिंडोरीकडचे ओळखीतले एक मामा आहेत, द्राक्षबागायतदार. त्यांच्या फवारणीच्या ब्लोअरवर पंख्यापुढे असतो तो लोखंडी जाळीचा गार्ड तीन वर्षांत तिसऱ्यांदा माझ्या ओट्यावर येऊन पडला. तक्रार दर वेळी तीच. बोल्ट बसतो त्या पट्टीपाशी कोटिंग फुगतं, नखाने दाबलं की पापडासारखं मोडतं आणि आतून पाणी निघतं. पहिल्या दोन्ही वेळी त्यांनी फुगलेला भाग खरवडला, वरून पॉलिश पेपर मारला आणि गार्ड तसाच पुन्हा कोटिंगला दिला. एक हंगाम बरा गेला. पुढच्या पावसाळ्यात फोड परत त्याच जागी.

"ताई, पावडरच हलकी मिळते आजकाल," मामा म्हणाले.

मी नाशकात अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कोटिंगच्या शॉपवर नऊ वर्षं तपासणीचं काम केलं. एकाच जागी पुन्हा पुन्हा फुगणारा जॉब, म्हणजे कोटिंगला आलेली वस्तू, समोर आला की पावडरला दोष देण्याआधी पावडरच्या खाली बघायचं, हे तिथे शिकले. पण खाली बघायचं तर जुना थर पूर्ण उतरायला हवा, आणि घरी नेमकं तिथेच सगळ्यांचं घोडं अडतं. दसरा-दिवाळी जवळ आली की गेट, झोपाळ्याच्या कड्या, सायकलच्या फ्रेमी, बाल्कनीतल्या खुर्च्या घेऊन शेजारीपाजारी येतात आणि प्रश्न तेच असतात. म्हणून हे सगळं एका जागी लिहिते आहे.

थिनरने का निघत नाही

साधा स्प्रेचा रंग धातूवर वाळलेला असतो. पावडर कोटिंग भाजलेलं असतं. कच्ची वीट पाण्यात टाकली की तिचा चिखल होतो, भट्टीतून निघालेली वीट वर्षभर पाण्यात ठेवा, काही होत नाही. इथे तोच प्रकार आहे. पावडरीत रेझिन असतं, हार्डनर असतो, रंगद्रव्य असतं. गनमधून विजेचा भार घेऊन ती जॉबवर चिकटते आणि ओव्हनमध्ये साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला दहा ते वीस मिनिटं राहिली की आधी वितळते, मग तिच्या रेणूंची एकमेकांत जाळी विणली जाते. एकदा ही जाळी विणली गेली की ती पुन्हा वितळत नाही आणि थिनरमध्ये विरघळतही नाही. थर जेमतेम ६० ते ८० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाएवढा. पण तो काढायचा तर एकतर फुगवून धातूपासून सोडवावा लागतो, नाहीतर तापवून मऊ करून खरवडावा लागतो, नाहीतर घासून संपवावा लागतो. घरी चौथा रस्ता नाही.

संडास साफ करायचं ॲसिड ओतून बघणारेही भेटतात. त्याने कोटिंग निघत नाही. जिथे ओरखडा असेल तिथून ॲसिड आत शिरतं, लोखंड खातं आणि वेल्डिंगच्या फटीत, पाइपच्या पोटात जाऊन बसतं. नंतर ओव्हनमध्ये तेच उकळून बाहेर येतं आणि नव्या थराला फोड आणतं. गेटच्या सांध्यांवरचे पुष्कळ फोड असे आपणच पेरलेले असतात.

हात लावण्याआधी तीन गोष्टी बघा

पहिली, ते खरंच पावडर कोटिंग आहे का. पांढऱ्या सुती चिंधीवर एनसी थिनर घ्या आणि आतल्या, न दिसणाऱ्या जागी अर्धा मिनिट घासा. चिंधीला भरपूर रंग आला, जागा चिकट झाली, तर वर साधा रंग आहे. पावडर कोटिंगची चमक थोडी मरते, चिंधीवर फारतर पुसट डाग येतो. कोटिंगवर नंतर कुणीतरी ऑइल पेंट मारलेला असणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि मग लोक वरचा रंग निघाला म्हणून खूश होतात, खालचा निघेना म्हणून वैतागतात. पंचवटीतल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या खिडकीचे गज असतील तर थरावर थर सापडतील. अशा जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्यामुळे त्याआधीचा रंग कोरडा घासायचा नाही. पाणी लावून घासा, आणि घरात लहान मूल असेल तर ते काम घरात करूच नका.

दुसरी गोष्ट, धातू कोणता. लोहचुंबक लावा. चिकटलं तर लोखंड. नाही चिकटलं तर बहुधा ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस. दाराच्या मुठी, नळाचे भाग यांत जस्ताचं ओतकामही असतं, ते हाताला जड लागतं. चुंबक चिकटलं म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका, कारण जीआय पाइपलाही, म्हणजे वर जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपलाही, ते चिकटतं. कोपऱ्यात कानशीने थोडं खरवडून बघा. कोटिंगखाली आधी राखाडी मऊ थर आणि मग चकचकीत पोलाद दिसलं तर वर जस्त आहे. ही पाच मिनिटं वाया जात नाहीत, कारण पुढची सगळी निवड यावरच ठरते.

आमच्या गल्लीतल्या एका मुलाने हे न बघता बाइकचं अ‍ॅलॉय व्हील कॉस्टिक सोड्याच्या टबात बुडवलं. लोखंडावरचं पॉलिएस्टर कोटिंग कॉस्टिकने हळूहळू सुटतं हे त्याने कुठेतरी ऐकलं होतं, आणि ते खरंही आहे. पण ॲल्युमिनियमला कॉस्टिक खातं. मी गेले तेव्हा टब फसफसत होता, प्लॅस्टिकला हात लावला तर चटका बसत होता. तो फेस म्हणजे हायड्रोजन, ठिणगी लागली तर पेटणारा. चाक बाहेर काढलं तेव्हा कोटिंग बरंचसं जागेवर होतं आणि जिथे सुटलं होतं तिथला धातू काळा, खडबडीत, खड्डे पडलेला. टायर जिथे टेकतो ती कडाच खाल्ली गेली होती, ट्यूबलेस टायर तिथे हवा धरणार नाही. चाक भंगारात गेलं. जस्तालाही कॉस्टिक असंच खातं, म्हणून जीआयलाही ते चालत नाही.

तिसरी गोष्ट, वस्तू कशी बनली आहे. पोकळ पाइप आहे का, आत पाणी जायला भोक आहे का, कुठे गाडीची पुट्टी भरलेली आहे का, आत रबर किंवा बेअरिंग अडकलंय का. जे सुटं होतं ते आधी सुटं करा. आणि भांड्यांच्या रॅकवर असतं ते जाड, मऊ, रबरासारखं आवरण पावडर कोटिंग समजू नका. ते बऱ्याचदा पीव्हीसी असतं. त्याला हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं यंत्र, लावली तर हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ निघते. ते कापून सोलून काढायचं.

स्ट्रिपर लावला, पण थर सुटत नाही

बाजारात पेंट रिमूव्हर, म्हणजेच स्ट्रिपर, म्हणून पातळ जेलीसारख्या द्रवाचा जो डबा मिळतो त्यात बहुतेक वेळा मेथिलीन क्लोराइड असतं. पावडर कोटिंगवर ते जोरदार चालतं यात शंका नाही. तरीही घरी वापरायला मी ते सुचवत नाही, आणि का ते नीट सांगते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साठते. बंद बाथरूममध्ये, तळघरातल्या पार्किंगमध्ये वाकून काम करणारा माणूस त्या साठलेल्या वाफेतच श्वास घेत असतो. शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग कार्बन मोनॉक्साइडमध्ये बदलतो, म्हणजे हृदयाचा त्रास असणाऱ्याला दुहेरी धोका. कापडी मास्कचं सोडाच, रंगारी वापरतात तो कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्कसुद्धा या वाफेपुढे भरवशाचा नाही. निळे नायट्राइल हातमोजे काही मिनिटांत हार मानतात. बाथटब किंवा बंद खोलीत हे वापरताना माणसं दगावली आहेत, आणि अमेरिकेत २०१९ पासून घरगुती ग्राहकाला असे रिमूव्हर विकायला बंदी आहे. डब्यावरचा मजकूर वाचा. हे नाव दिसलं तर डबा परत ठेवा.

त्याऐवजी बेंझिल अल्कोहोलवर चालणारे स्ट्रिपर मिळतात. हळू आहेत, महाग पडतात, पण मोकळ्या गच्चीवर, चांगले हातमोजे आणि गॉगल घालून माणूस ते वापरू शकतो. मामांचा गार्ड मी याच पद्धतीने सोडवला. जाळीच्या तारा एवढ्या जवळजवळ होत्या की ग्राइंडर आत जाणंच शक्य नव्हतं.

आता नेमकी अडचण. स्ट्रिपर लावून अर्ध्या तासाने पाहिलं तर काहीच झालेलं दिसत नाही आणि लोक म्हणतात माल खोटा आहे. बहुतेक वेळा तीनपैकी एक चूक असते. एक म्हणजे वरची गुळगुळीत कातडी फोडलेली नसते. स्ट्रिपर आत शिरायला वाट लागते, म्हणून आधी ४० किंवा ६० नंबरच्या पॉलिश पेपरने चांगले खोल ओरखडे मारायचे, थेट धातू दिसेल इथपर्यंत काही ठिकाणी. दुसरी चूक, थर पातळ लावलेला असतो आणि तो वाळतो. वाळलेला स्ट्रिपर काही करत नाही. ब्रशने रंग मारल्यासारखा पसरवायचा नाही, चपातीवर तूप थापावं तसा जाड ठेवायचा आणि वर प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळायचा. तिसरी चूक हवामानाची. नाशकात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा रात्रभर ठेवूनही रसायन झोपलेलंच असतं. एप्रिलच्या भर उन्हात उलट, ते काम करण्याआधीच उडून जातं. पंचवीस-तीस अंश आणि सावली, यात ते सगळ्यात चांगलं चालतं. गार्डला मी संध्याकाळी लेप दिला, प्लॅस्टिक गुंडाळलं, सकाळी उघडलं.

उघडल्यावर काय दिसायला हवं तेही सांगते, कारण कधी थांबायचं ते इथेच कळतं. तापलेलं दूध निवल्यावर साय आकसते तशी सुरकुती कोटिंगवर धरलेली असते. खरवडायच्या पत्तीचं टोक तिच्याखाली घातलं की चिंधीसारखी लांब पट्टी निघते. सुरकुती धरली नसेल तर खरवडू नका, अजून चार-पाच तास द्या. घाईने खरवडलं की वरचा अर्धा थर निघतो, खालचा अर्धा राहतो आणि तो दुसऱ्या लेपाला जास्त छळतो. गार्डला दोन रात्री लागल्या. तारांच्या आतल्या बाजूला पितळी तारेचा छोटा ब्रश वापरला.

अर्धं निघालं, पण काही ठिपके हलत नाहीत

हा सगळ्यात नेहमीचा प्रश्न. ठिपके कुठे आहेत ते बघा, जागाच कारण सांगते.

आतल्या कोपऱ्यात, वेल्डिंगच्या कडेला असतील तर तिथे थर जाड आहे, आणखी एक लेप. सपाट भागावर मधेच असतील तर तिथे स्ट्रिपर वाळला होता. खड्ड्याखड्ड्यांच्या जागी असतील तर कोटिंग गंजाच्या खड्ड्यात घट्ट बसलंय. ते पत्तीने निघणार नाही, तारेच्या ब्रशने उकरावं लागेल.

कधीकधी वरचा रंगीत थर सहज निघतो आणि खाली राखाडी, मॅट थर तसाच राहतो. तो एपॉक्सी प्रायमर असू शकतो. कॉस्टिकला तर एपॉक्सी दादच देत नाही. प्रायमर नखाने ओरखडला तर त्याला जाडी जाणवते. पण जर तो राखाडीपणा नखाला लागतच नसेल, धातूच्याच अंगाला आल्यासारखा असेल, तर तो फॉस्फेटचा थर आहे. कोटिंगआधी टाक्यांमध्ये जॉब बुडवतात तेव्हा तो चढवतात, गंज रोखायला आणि पावडरला पकड द्यायला. त्याला घासत बसून मनगट दुखवू नका. ॲल्युमिनियमवर पिवळसर झाक दिसली तर मात्र थांबा. जुन्या वस्तूंवर तो क्रोमेटचा थर असू शकतो आणि त्यातला क्रोमियम कर्करोगाला कारण ठरणारा आहे. कोरडी घासाघीस नाही, ओला कपडा, हातमोजे.

हीट गन आणि ग्राइंडर

जाड लोखंडी वस्तूवर, म्हणजे गेटची पट्टी, खुर्चीचा पाय, जुनी सायकल फ्रेम यावर मला हीट गन आवडते. तळहाताएवढ्या जागेवर हलवत तापवायचं, थर मऊ होऊन चमक बदलली की पत्तीने ढकलायचं. धूर दिसला किंवा रंग काळा पडला म्हणजे ताप जास्त झाला. गन मागे घ्या. गॅसच्या शेगडीने किंवा टॉर्चने जाळणं हे वेगळं काम आहे, त्यात कोटिंग जळतं आणि तो धूर विषारी असतो. जीआयवर टॉर्च लावली तर जस्ताची वाफ निघते आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंगवाल्यांना हा ताप चांगला ठाऊक आहे. अ‍ॅलॉय व्हील आणि ॲल्युमिनियमची सायकल फ्रेम यांना तर हीट गनसुद्धा नको. या मिश्रधातूंना ठरावीक तापमानाला मुरवून ताकद आणलेली असते, त्याहून जास्त तापवलं की ती उतरते आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. ज्यावर माणसाचा जीव बसतो त्यावर हा प्रयोग करू नये.

ग्राइंडरची तक्रार ठरलेली: डिस्क भरते, कोटिंग निघण्याऐवजी चिकट होऊन पसरतं. वेगाने घासलं की घर्षणाने थर मऊ होतो आणि लिंपला जातो. फ्लॅप डिस्कने जोर लावला तर कोटिंगबरोबर धातूही जातो, पातळ पाइपला सपाट चट्टा पडतो. काळी, जाळीदार, स्पंजासारखी स्ट्रिपिंग डिस्क आणा, वेग कमी करता येत असेल तर करा, एका जागी थांबू नका. चार इंची ग्राइंडर ११,००० फेऱ्यांपर्यंत जातो. डिस्कवर किंवा कप ब्रशवर लिहिलेला आकडा त्याहून कमी असेल तर ती लावायची नाही. कप ब्रशच्या तारा सुटून उडतात. मी एका कामगाराच्या जाड शर्टातून आरपार गेलेली तार चिमट्याने काढलेली आहे. चष्मा पुरत नाही, पूर्ण चेहऱ्याची ढाल लावा, आणि धुळीसाठी एन-९५.

वस्तू मोठी असेल, नक्षीची असेल, तर सरळ अंबडला किंवा सातपूरला ब्लास्टिंगला द्या, म्हणजे दाबाच्या हवेने कण मारून थर उडवतात तिथे. देताना विचारा की कशाने मारणार. वाळूने नको, वाळूची धूळ कामगाराच्या फुप्फुसात सिलिकोसिस करते. गार्नेट किंवा स्टील ग्रिट म्हणा. गोल शॉट कोटिंगवरून उसळतात, टोकदार कण लागतात. पातळ पत्र्याला ब्लास्टिंगने पोक येतो. आटे आणि बेअरिंगच्या जागा टेपने झाकून द्या.

उघडा धातू वाचा

इथे मी मामांना बोलावून घेतलं. गार्ड पूर्ण मोकळा झाला होता, थिनरने पुसला होता, साबणाच्या पाण्याने धुवून वाळवला होता. सगळीकडे राखाडी पोलाद, फक्त बोल्टच्या पट्टीभोवती रुपयाएवढी तांबूस जागा. मामा म्हणाले गंजच आहे. मी त्यांच्या हातात शून्य नंबरचा पॉलिश पेपर दिला. गंज घासला की तपकिरी भुकटी पडते. ही जागा घासल्यावर चमकली, नव्या तांब्याच्या भांड्यासारखी.

मामा क्षणभर बघत राहिले आणि म्हणाले, "हे तर मोरचूद."

त्यांनी ओळखलं यात नवल नव्हतं. मोरचूद म्हणजे तांब्याचा निळा क्षार; तो आणि चुना मिळून फवारणीचं बोर्डो मिश्रण होतं. ते करताना चुना पुरेसा पडला की नाही हे बघायला बागायतदार त्यात लोखंडी सळई किंवा विळा बुडवून बघतात. लोखंडावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं आहे, अजून चुना घाला. तीच परीक्षा त्यांच्या गार्डवर तीन वर्षं चालू होती. बोल्ट आवळताना लोखंडी वॉशर कोटिंग कापत होता. त्या चिरेतून फवारणीचं पाणी आत जात होतं, लोखंडावर तांबं बसत होतं आणि तांब्याशेजारचं लोखंड ओल मिळाली की साध्या लोखंडापेक्षा भराभर गंजत होतं. वरवर खरवडून केलेल्या दोन्ही कोटिंगांखाली ते तांबं तसंच राहिलं. फोड त्याच जागी येणारच होता.

मग उपाय अगदी साधा होता. तांबं पूर्ण घासून काढलं, खड्ड्यांच्या तळाशी चमकतं पोलाद दिसेपर्यंत. पट्टीच्या धारदार कडा कानशीने गोल केल्या, कारण ओव्हनमध्ये वितळलेली पावडर धारेवरून मागे सरते आणि कडेवर थर पातळ राहतो. गंज पुष्कळदा तिथूनच सुरू होतो. आणि लोखंडी वॉशरखाली नायलॉनचा वॉशर घालायचं ठरलं.

तुमच्या वस्तूवर मोरचूद नसेल, पण फोडाच्या जागी उघड्या धातूवर काहीतरी असेलच. बाल्कनीच्या ग्रिलवर कुंड्यांच्या खताचं पाणी ठिबकत असतं, त्यातले क्षार गंजाच्या खड्ड्यात बसतात. गरम पाण्याने आणि ब्रशने ते धुवून काढायचे, नुसतं घासून जात नाहीत. गेटच्या चौकोनी पाइपवर खालच्या बाजूला फोड असतील तर बोटांच्या गाठीने ठोकून बघा. आवाज बद्द आला तर पाइप आतून गंजलाय, आत पाणी साचतंय. बाहेरून कितीही स्वच्छ करा, उपयोग नाही. तळाला पाणी निघायला भोक पाडा किंवा तो तुकडा बदला. पुट्टी सापडली तर पूर्ण काढा, ती ओव्हनचा ताप सोसत नाही. ओतकामाच्या किंवा जीआयच्या वस्तूवर टाचणीच्या टोकाएवढी बारीक भोकं पडत असतील तर तापल्यावर धातूतून हवा निघते आहे. शॉपवाल्याला सांगा की पावडर मारण्याआधी जॉब एकदा नुसताच ओव्हनमध्ये तापवून घ्या.

काढून झालं, पण कोटिंग पुन्हा सुटायला नको

स्ट्रिपरमध्ये बऱ्याचदा मेण असतं, ते उडून जाऊ नये म्हणून घातलेलं. थर निघाल्यावरही त्या मेणाची अदृश्य साय धातूवर राहते आणि नवी पावडर तिच्यावर बसते. म्हणून नुसतं पाण्याने धुणं पुरत नाही. आधी स्वच्छ चिंधीने थिनर, दर पुसण्याला चिंधीची नवी बाजू, मग भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी.

मग ही चाचणी करा, घरच्या घरी याहून चांगली मला माहीत नाही. धातूवर स्वच्छ पाणी ओता आणि तिरपं धरा. पाणी अखंड पडद्यासारखं पसरून उतरलं तर जागा स्वच्छ. अळूच्या पानावर होतात तसे थेंब झाले, पाणी तुटलं, तर तिथे तेल किंवा मेण आहे. ती जागा पुन्हा पुसा. पाणी ओतून बघायला अर्धा मिनिट लागतो, आणि तो न दिल्यामुळे परत आलेले जॉब मी ढिगाने पाहिले आहेत.

चाचणी झाली की लगेच वाळवा, हीट गनच्या कोमट हवेने चालेल, फटीतलं पाणी फुंकून काढा. पावसाळ्यात उघडं लोखंड दुपारी स्वच्छ केलं तर संध्याकाळी त्यावर केशरी धूळ धरते. म्हणून शेवटची सफाई शॉपला द्यायच्या दिवशीच करा, त्याच दिवशी कोटिंग होईल अशी आधी वेळ ठरवा. स्वच्छ धातूला उघड्या हाताने धरू नका, बोटांचा तेलकटपणा तसाच उमटतो. सुती हातमोजे, कोरडं सुती कापड गुंडाळून न्या, वर्तमानपत्र नको, त्याची शाई लागते. शॉपवर तीन गोष्टी स्पष्ट सांगा: जुनं काय काढलं, कशाने काढलं, आणि आधी फोड कुठे यायचे. चांगला कारागीर ती जागा आपणहून दोनदा बघतो.

खरवडलेला चोथा, स्ट्रिपर लागलेल्या चिंध्या, धुतलेलं पहिलं पाणी हे गटारात जाऊ देऊ नका. सातपूर-अंबडच्या बाजूचं पाणी नासर्डीत, म्हणजे आता आपण जिला नंदिनी म्हणतो तिच्यात उतरतं आणि तिथून गोदावरीत. चोथा पत्र्याच्या डब्यात उघड्यावर वाळू द्या, पहिलं पाणी पसरट ट्रेमध्ये ठेवून आटवा, आणि उरलेला कोरडा गाळ व चिंध्या घट्ट बांधून, वर लिहून, घंटागाडीवर घातक कचरा म्हणून वेगळ्या द्या. ओल्या-सुक्यात मिसळू नका, तो कचरा हाताने निवडणारी माणसं असतात.

मामांचा गार्ड ऑक्टोबर छाटणीच्या आधी कोटिंग होऊन आला. बसवताना मी त्यांना एकच काम सांगितलं: दर फवारणीनंतर बोल्टच्या पट्टीवर साधं पाणी मारायचं आणि महिन्यातून एकदा नायलॉनचा वॉशर चिरला नाही ना ते बघायचं. चिरला तर दुसरा घालायचा. चार वॉशर मी त्यांच्या खिशात टाकून दिले.